सर जगदीशचंद्र बोस व वनस्पतींचे विद्युत्संदेश

आमच्या पाचोडच्या परिसरांत मोसंबीच्या बागा आहेत, आणि बागाईतदारांच्या घरांतील मुलांस ताण हा शब्द पाटीवरील अक्षरांच्याही आधीं ठाऊक होतो. बहार धरावयाचा म्हणजे झाडाचें पाणी तोडावयाचें, जमीन वाळूं द्यावयाची, पानें मलूल होऊन त्यांतील कांहीं गळूं लागलीं म्हणजे ताण बसला असें समजावयाचें, आणि मग हलकें पाणी देऊन तो ताण तोडावयाचा. पुढें झाड फुलांनीं भरून जातें. हें सर्व आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों; परंतु मुळाशीं पाणी आटल्याची खबर शेंड्याच्या पानास कशी कळते, व पाणी आल्याची वार्ता कोण पोंचवितें, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो. झाडाला जीभ नाहीं, डोळे नाहींत, जागचें हलणें नाहीं. अशा मुक्या प्राण्याच्या अंगांतून संदेश जातात, व ते विजेच्या रूपानें जातात, हें दाखविण्यासाठीं ज्यांनीं उभा जन्म वेंचिला, त्या आचार्य जगदीशचंद्र बोस यांचें चरित्र आम्ही ह्या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों. ते बंगालचे होते आणि आमचा मुलूख त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. तरी ज्या विषयाशीं आमच्या बागांचें दैव बांधलेलें आहे, त्या विषयाचा हा आद्य पुरुष आम्हांस परका वाटत नाहीं.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजीं मैमनसिंग येथें झाला. हें गांव आतां बांगलादेशांत आहे. वडील भगवानचंद्र हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट असून ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते. फरीदपूर येथें त्यांची नेमणूक असतां मुलास शाळेंत घालण्याची वेळ आली. त्या दिवसांत हाताखालचे कारकूनदेखील आपल्या मुलांस इंग्रजी शाळेंत धाडण्यांत भूषण मानीत. ह्या साहेबानें मात्र आपल्या मुलास गांवच्या बंगाली पाठशाळेंत घातलें. मुलास आधीं आपली भाषा व आपलीं माणसें कळावीं, परकी भाषा मागाहून येईलच, असा त्यांचा विचार होता. पाठशाळेंत जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा. ह्या सोबत्यांच्या तोंडून पक्ष्यांच्या, जनावरांच्या व पाण्यांतील जीवांच्या ज्या गोष्टी त्यांनीं ऐकिल्या, त्यांतूनच निसर्गाच्या व्यवहारांत डोकावण्याची आवड आपणांस लागली, असें ते पुढें मोठेपणीं सांगत. शाळा सुटल्यावर हे सोबती घरीं आले म्हणजे आई सर्वांस सारखेंच खाऊं घाली. जातिभेद कडक असलेल्या त्या काळांत ही गोष्ट सामान्य नव्हती.

मुलास शाळेंत पोंचविणारा गडीही मासलेवाईक होता. तो पूर्वींचा दरोडेखोर. भगवानचंद्रांनींच त्यास तुरुंगांत धाडलें होतें. शिक्षा भोगून आल्यावर पोट कसें भरावें म्हणून तो त्यांच्याच दारीं आला, आणि त्यांनीं त्यास घरांत नोकरीस ठेवून आपलें चार वर्षांचें पोर त्याच्या खांद्यावर दिलें. ह्या गड्यानें आपल्या जुन्या धाडसांच्या कथा मुलास पुष्कळ सांगितल्या. विश्वासास मात्र कधीं तडा जाऊं दिला नाहीं.

पुढें जगदीशचंद्र कलकत्त्यास गेले. प्रथम हेअर स्कूल, आणि मग सेंट झेवियर्स. खेड्यांतून आलेल्या ह्या मुलाची तेथील इंग्रज पोरांनीं टवाळी आरंभिली, तेव्हां मुष्टियुद्धाचा गंधही नसतां त्यानें त्यांच्यांतील एका चांगल्या खेळाडूशीं झुंज घेतली व मार खात खात ती जिंकली. मग कोणी वाटेस गेलें नाहीं. सेंट झेवियर्समध्यें त्यांस जे गुरु लाभले ते फादर लाफाँ. हे बेल्जियममधून आलेले जेझुइट धर्मगुरु पदार्थविज्ञान शिकवीत, आणि पुस्तकांतील नियम पाठ करून घेण्यापेक्षां टेबलावर उपकरण मांडून तो नियम डोळ्यांपुढें उभा करण्यावर त्यांचा भर असे. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ह्या गुरूंचें नांव ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें. जगदीशचंद्रांचें पुढील सर्व यश हें प्रयोगाचें यश आहे, आणि प्रयोगाची गोडी लाविली ती ह्या धर्मगुरूंनीं.

1880 सालीं ते वैद्यक शिकण्यासाठीं लंडनास गेले. आधीं त्यांच्या मनांत सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देण्याचें होतें. परंतु मुलानें अधिकार गाजवूं नये, विद्या मिळवावी, ही वडिलांची इच्छा आडवी आली. वडिलांनीं लोककल्याणाचे जे उद्योग काढिले होते ते बुडून घरावर कर्ज झालें होतें. तरी त्यांनीं मुलास विलायतेस धाडलें. लंडनांत आसामच्या तापानें पिच्छा सोडला नाहीं, व शवविच्छेदनाच्या खोलींतील वासानें तो अधिकच बळावे. शेवटीं वैद्यक सोडून 1882 सालीं ते केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजांत गेले. तेथें लॉर्ड रॅले ह्यांच्याजवळ पदार्थविज्ञान आणि सिडनी व्हाइन्स व फ्रान्सिस डार्विन ह्यांच्याजवळ वनस्पतिशास्त्र, अशा दोन्ही विद्या त्यांस मिळाल्या. थोरल्या डार्विनचे हे चिरंजीव. एकाच डोक्यांत वीज आणि वनस्पती ह्यांची गांठ कोठें पडली असा प्रश्न कोणी विचारिल्यास त्याचें उत्तर बहुधा येथेंच सांपडेल.

1885 सालीं ते परत आले व कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. ही जागा सहज मिळाली नाहीं. शिक्षणखात्यांतील वरिष्ठांची पक्की समजूत होती कीं, हिंदी मनुष्य तत्त्वज्ञान शिकवील, काव्य शिकवील, परंतु काटेकोर शास्त्रें शिकविणें त्याच्या आवांक्यांतलें नव्हे. लॉर्ड रिपन ह्यांची शिफारस होती म्हणून नेमणूक करावी लागली. पण नेमणुकींतही मेख होती. हिंदी अध्यापकास युरोपियन अध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार, आणि जागा हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे एकाच कामाचा एक तृतीयांश मोबदला. जगदीशचंद्रांनीं भांडण केलें नाहीं व राजीनामाही दिला नाहीं. त्यांनीं काम पत्करलें आणि पगार नाकारला. महिन्यामागून महिने पगाराचा कागद परत जाई आणि ते वर्गावर वेळेवर हजर असत. असें तीन वर्षें चाललें.

हें वाचतांना आपणांस सोपें वाटतें. घरावर कर्ज होतें, वडील थकले होते, आणि 1887 सालीं अबला दास ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला तो ह्याच बिनपगारी काळांत. अबलाबाई स्वतः मद्रासेस वैद्यक शिकलेल्या. ह्या दांपत्यानें कलकत्त्याचें भाडें परवडेना म्हणून चंद्रनगरास बिऱ्हाड केलें. सकाळीं दोघें होडींतून हुगळी नदी ओलांडीत, जगदीशचंद्र पलीकडे आगगाडी पकडीत, आणि अबलाबाई होडी वल्हवीत परत नेत. ह्या चरित्रांत आम्हांस सर्वांत आवडलेलें चित्र कोणतें म्हणून विचाराल तर तें हेंच. तीन वर्षांनंतर कॉलेजच्या प्रमुखांस व शिक्षणखात्याच्या संचालकांस आपली चूक उमगली. नेमणूक कायम झाली व पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण पगार एकरकमी हातीं आला. तो वडिलांचें कर्ज फेडण्याकडे गेला.

कॉलेजांत संशोधनासाठीं जागा म्हणून नव्हतीच. स्नानगृहाला लागून असलेल्या चोवीस चौरस फुटांच्या खोपटांत, एका अशिक्षित कल्हईवाल्या कारागिराच्या हातून उपकरणें घडवून घेऊन, त्यांनीं विद्युत्‌लहरींवर काम आरंभिलें. जर्मनींत हर्ट्‌झ ह्यांनीं ह्या लहरी नुकत्याच सिद्ध केल्या होत्या. पण त्यांच्या लहरी लांब होत्या व मोठें दालन अडवीत. जगदीशचंद्रांनीं अवघ्या पांच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या, म्हणजे सगळें शास्त्र एका टेबलावर मावलें. 1895 सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देखत त्यांनीं ह्या लहरी भिंतींतून आरपार पाठवून पलीकडच्या खोलींतील घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. पुढें 1901 सालीं मार्कोनी ह्यांनीं अटलांटिकपार जो संदेश ऐकिला, त्या वेळचें ग्राहकयंत्र 1899 मध्यें बोस ह्यांनीं वर्णिलेल्या पाऱ्याच्या यंत्राच्या जातीचें होतें, असें अलीकडच्या संशोधकांनीं दाखविलें आहे. आपल्या शोधाचें पेटंट घेऊन पैसा करणें जगदीशचंद्रांस पसंत नव्हतें. मित्रांच्या फारच आग्रहामुळें एक पेटंट अमेरिकेंत 1904 सालीं झालें, तेंही त्यांनीं उपयोगांत आणलें नाहीं. हा विषय मोठा आहे. परंतु आमचा आजचा विषय तो नव्हे.

ह्या लहरी ओळखणारें जें यंत्र, त्यांत धातूचे कण असत. बरेच वेळ वापरल्यावर हें यंत्र मंद होई, आणि विसांवा दिल्यावर पुन्हां तरतरी दाखवी. जणूं काय तें थकत होतें. दुसरा कोणी असता तर यंत्राची खोड म्हणून त्यानें कण बदलले असते. जगदीशचंद्रांनीं त्या थकव्याचा आलेख काढिला, मग प्राण्याच्या स्नायूच्या थकव्याचा काढिला, आणि दोहोंतील साम्य पाहून ते चकित झाले. धातु आणि प्राणी ह्यांच्यामधल्या पायरीवर वनस्पती उभी आहे. तिची गत काय, असा विचार येतांच ते बागेंतून पानें तोडून आणून त्यांस गॅल्व्हानोमीटर जोडूं लागले. आणि गाजर, मुळा, साधें हिरवें पान, सर्वांनीं टोंचतांच विजेचा झटका देऊन उत्तर दिलें.

मांसभक्षक वनस्पतीच्या पानांत असा झटका उठतो हें इंग्लंडांत बर्डन-सँडर्सन ह्यांनीं 1873 सालींच पाहिलें होतें, आणि लाजाळूसारख्या हलणाऱ्या वनस्पतींपुरतें तें कोणीही मान्य करी. पण न हलणाऱ्या सामान्य झाडासही हा गुण आहे, हें म्हणणें नवें होतें. मे 1901 मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनपुढें त्यांचें व्याख्यान चांगलें रंगलें. जूनमध्यें रॉयल सोसायटीपुढें तोच विषय मांडतांच विरोध उठला, आणि तो केला ह्याच बर्डन-सँडर्सन ह्यांनीं. सामान्य वनस्पतींत विद्युत्‌प्रतिसाद आपणांस सांपडला नाहीं, अर्थात् तो नसावा. आणि एका पदार्थविज्ञानवाल्यानें शरीरशास्त्राच्या प्रांतांत शिरूं नये, असा त्यांचा रोख होता. निबंधाचें छापणें थांबलें. त्यापुढें आणखी एक गोष्ट घडली. विरोधकांपैकींच एक, डॉक्टर वॉलर, ह्यांनीं कांहीं महिन्यांनीं तशाच स्वरूपाचे शोध आपल्या नांवावर प्रसिद्ध केले. जगदीशचंद्रांचे जुने गुरु व्हाइन्स मदतीस धांवून आले नसते तर प्रकरण कोठें गेलें असतें सांगवत नाहीं. व्हाइन्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रयोग स्वतः डोळ्यांनीं पाहिले, लिनियन सोसायटीनें 1902 सालीं निबंध छापला, आणि प्रथम कोणाचें ह्याचा निकाल बोसांच्या बाजूनें लागला. त्याच वर्षीं त्यांचा सजीव व निर्जीव ह्यांच्या प्रतिसादावरील ग्रंथ निघाला.

ह्या नंतरचीं तीस वर्षें त्यांनीं वनस्पतींत घालविलीं. बोलण्यापेक्षां झाडाकडूनच लिहवून घ्यावें, असा त्यांचा बाणा. आणि त्यासाठीं त्यांनीं जीं यंत्रें कलकत्त्याच्या कारागिरांकडून करवून घेतलीं तीं पाहून विलायती विद्वान् तोंडांत बोटें घालीत. लाजाळूचें पान पडतें तेव्हां त्याचें बळ अत्यंत थोडें असतें. त्याला टांक बांधला तर टांकाच्या घर्षणानेंच तें अडतें. म्हणून त्यांनीं टांक कांचेवर सतत टेकूं न देतां कांपता ठेविला. तो काजळी धरलेल्या कांचेस ठराविक अंतरानें नुसता शिवे आणि ठिपके उमटवी. ठिपक्या-ठिपक्यांतील काळ ठरलेला, त्यामुळें सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजतां येई. दुसरें यंत्र क्रेस्कोग्राफ. झाडाची वाढ गोगलगाईच्या चालीहून कितीतरी मंद. ह्या यंत्रानें ती दहा हजार पटींनीं मोठी करून दाखविली, आणि पुढच्या चुंबकीय यंत्रानें दहा लक्ष पटींहूनही अधिक. खत, विष, थंडी, विजेचा धक्का ह्यांचा वाढीवर होणारा परिणाम ज्यासाठीं शेतकऱ्यास हंगाम खर्चावा लागे, तो येथें कांहीं मिनिटांत पडद्यावर दिसूं लागला. रोपास हळूहळू तापवीत नेलें कीं सुमारें साठ अंशांवर त्याच्या अंगांतून विजेचा एक जोराचा लोट उठतो व मग सर्व शांत होतें. तो त्याचा मृत्युक्षण, असें त्यांनीं दाखविलें. फरीदपूरला एक ताडजातीचें झाड होतें. तें संध्याकाळच्या सुमारास वांकून जमिनीकडे झुके व सकाळीं उभें राही, म्हणून लोक त्यास देवाची प्रार्थना करणारें झाड समजून नवस करीत. जगदीशचंद्रांनीं त्यास यंत्र जोडून पाहिलें. तें दिवसाच्या उष्णतेच्या चढउताराप्रमाणें वांकत होतें. भाविकांची निराशा झाली असेल. परंतु झाडास परिस्थिति कळते ह्याचें इतकें मोठें उदाहरण दुसरें नव्हतें.

मुख्य वाद मात्र लाजाळूवर झाला. हें झाड मूळचें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. आमच्या कोरड्या मुलखांत तें कुंडींत लावावें लागतें. त्याच्या टोंकाच्या पर्णिकेस जळत्या काडीची धग लावा. पर्णिकांच्या जोड्या एकीमागून एक मिटत देठाकडे येतील, आणि मग सबंध पान खालीं पडेल. निरोप कांहींतरी धांवत गेला हें उघड आहे. पण काय धांवलें? जर्मन पंडितांचें म्हणणें, नुसता पाण्याचा दाब. नळाचें एक टोंक दाबलें म्हणजे दुसऱ्या टोंकास धक्का बसतो तसें. जगदीशचंद्रांनीं प्रश्न असा मांडला कीं, तसें असेल तर वाटेंत देठाचा मधला भाग गार केला किंवा विषानें बधिर केला तरी पाणी कोंडणार नाहीं, संदेश गेलाच पाहिजे. त्यांनीं देठ गार केला. संदेश मंदावला व शेवटीं थांबला. विष लाविलें, थांबला. सौम्य विजेचा स्पर्श केला, ज्यानें झाडास जखमही होत नाहीं व दाबही पडत नाहीं; संदेश गेला. मग त्यांनीं केसासारखी बारीक तार देठांत थराथरानें आंत सारून, वीज कोणत्या थरांत वाहते तें शोधून काढलें. ती वाट अन्नरस वाहून नेणाऱ्या थरांतून जात होती. वेग सेकंदास सुमारें तीन सेंटिमीटर. आपल्या मज्जातंतूंच्या मानानें मुंगीची चाल, पण झाडाच्या मानानें घोडदौड.

हें कसें घडतें तें आज पुष्कळ उलगडलें आहे. प्रत्येक जिवंत पेशीचा आंतला भाग बाहेरच्यापेक्षां ऋण विद्युत्‌भाराचा असतो. फरक एका व्होल्टच्या दशांशाइतका किंवा थोडा अधिक. धक्का, थंडी वा इजा लागली कीं पेशीच्या पापुद्र्यांतील दारें उघडतात, चुन्यांत असणारें कॅल्शियम भारित रूपांत आंत शिरतें, मग क्लोराइड बाहेर पडतें, आणि भाराचा तोल क्षणभर उलटतो. ती उलटापालट शेजारच्या पेशीस उठविते, ती तिच्या शेजारणीस. मागाहून पोटॅशियम बाहेर येऊन तोल पुन्हां सांवरतो. प्राण्यांच्या मज्जातंतूंत हें काम मुख्यतः सोडियम करतें, वनस्पतींत क्लोराइड. युक्ति एक, साहित्य निराळें. लाजाळूच्या देठाच्या बुडाशीं जी फुगीर गांठ असते, तेथें ही लहर पोंचली कीं खालच्या बाजूच्या पेशींतून क्षार व त्यांमागून पाणी निघून जातें, त्या ढिल्या पडतात, आणि पान लुळें पडतें.

1916 सालीं रिक्का ह्या इटालियन संशोधकानें देठ मधोमध कापून दोन्ही टोकांत पाण्याची नळी जोडली, तरी खालच्या जखमेचा निरोप वरच्या पानांस मिळाला. म्हणजे एखादें रसायन पाण्याबरोबर जातें. जगदीशचंद्रांनीं हें कधीं मनापासून स्वीकारलें नाहीं. आज दोघांचेंही म्हणणें खरें ठरलें आहे. स्पर्श व थंडी ह्यांचा निरोप विजेच्या जलद लहरीनें जातो, आणि मोठ्या जखमेच्या वेळीं रसायन व पाण्याचा दाबही कामास लागतात. त्यांच्या इतर कांहीं मतांची गत इतकी बरी झाली नाहीं. झाडांत पाणी वर चढतें तें सालीच्या आंतल्या पेशींच्या स्पंदनानें, हें त्यांचें मत शास्त्रज्ञांनीं टाकून दिलें. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनानें पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो हेंच आज मानितात. धातूंसही प्राण्यांप्रमाणें जीवनधर्म आहे अशा अर्थाचें जें ते बोलत, त्यांत शास्त्रापेक्षां कवित्व अधिक होतें. आम्हांस वाटतें, त्यांच्या भक्तांनीं ह्याच भागाचा गवगवा अधिक केल्यामुळें पश्चिमेकडील कित्येकांनीं त्यांचे पक्के प्रयोगही बाजूस सारले. झाडास मज्जातंतु आहेत ह्या शब्दावर अजूनही वाद चालतो. झाडास मेंदू नाहीं, आणि वेदनेची गोष्ट त्यावरून निघत नाहीं.

1915 सालीं ते कॉलेजांतून निवृत्त झाले, 1917 सालीं सर झाले, आणि आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशीं, 30 नोव्हेंबर 1917 रोजीं, त्यांनीं कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर उघडलें. आयुष्यभराची शिल्लक त्यांत घातली. मुंबईच्या धनिकांनींही हातभार लाविला. स्नेही रवींद्रनाथांनीं प्रसंगासाठीं गीत रचिलें. भगिनी निवेदिता ह्यांनीं बोसांचे ग्रंथ लिहविण्यास फार साहाय्य केलें होतें. त्या 1911 सालींच निवर्तल्या होत्या, म्हणून प्रवेशद्वारापाशीं दिवा घेतलेल्या स्त्रीची आकृति त्यांच्या स्मरणार्थ बसविली गेली. येथील कोणत्याही शोधाचें पेटंट घ्यावयाचें नाहीं असा दंडक ठरला. 1920 सालीं पुन्हां वॉलर ह्यांनीं क्रेस्कोग्राफच्या खरेपणाविषयीं शंका घेतली. तेव्हां लंडनांतील नामांकित शास्त्रज्ञांनीं यंत्र स्वतः तपासून तें बिनचूक असल्याचें वर्तमानपत्रांतून जाहीर केलें, आणि ज्या रॉयल सोसायटीनें एके काळीं निबंध छापणें थांबविलें होतें तिनें त्याच वर्षीं त्यांस फेलो करून घेतलें.

त्याच काळीं कलकत्त्याच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राच्या आसनावर एक मराठी गृहस्थ होते, हें आमच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. ह्यांनींच पुढें 1946 सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिली, आणि तिची संशोधनसंस्था आज त्यांच्या नांवानें चालते.

जगदीशचंद्र 23 नोव्हेंबर 1937 रोजीं गिरिडीह येथें वारले. एकोणऐंशी वर्षें पुरीं होण्यास सात दिवस उणे होते. अबलाबाई 1951 पर्यंत होत्या. बंगालच्या खेड्यांतील मुलींच्या शाळांसाठीं त्यांनीं केलेलें काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्यांच्या मागें पन्नासएक वर्षें ह्या विषयाकडे थोड्यांनींच लक्ष दिलें. मग 1992 सालीं टोमॅटोच्या रोपावर प्रयोग झाला. एका पानास जखम केली, अन्नरसाची वाहतूक गारव्यानें अडविली; तरी विजेचा निरोप पुढें गेला आणि दूरच्या पानानें किडीस न पचणारें द्रव्य तयार करण्यास आरंभ केला. 2013 सालीं मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत, हा निरोप वाहून नेण्यास कारण होणारीं जनुकें सांपडलीं, आणि तीं प्राण्यांच्या मज्जासंस्थेंतील जनुकांच्या नात्यांतलीं निघालीं. 2018 सालीं जपानी व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सुरवंट पान कुरतडीत असतां त्या जागेपासून कॅल्शियमची लाट सबंध रोपांत पसरतांना चमकत्या रंगानें प्रत्यक्ष दाखविली.

2012-13 च्या अवर्षणांत आमच्या भागांतील कित्येक मोसंबीच्या बागा वाळून गेल्या व मालकांस उपटून टाकाव्या लागल्या, हें येथील पालकांस सांगावयास नको. ताण देणें आणि झाड मरूं देणें ह्यांत अंतर थोडें असतें, आणि तें आज शेतकरी पानाच्या रंगावरून ओळखतो. रंग बदलेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. जर्मनींत 1998 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत वाळत चाललेल्या मातींतील मक्याच्या मुळांस पाणी दिलें, तों मुळांतून विजेची लहर निघून पानापर्यंत गेली आणि पानाचें श्वसनछिद्रांतून चालणारें वायूंचें देणेंघेणें वाढूं लागलें. अव्होकाडो ह्या फळझाडांतही पाणी तोडतांना व देतांना असे बदल खोडास तारा लावून मोजले गेले आहेत. मोसंबीच्या खोडाजवळ उभें राहून बागाईतदार ताण तोडण्यासाठीं पाटाचें पाणी आंत सोडतो, तेव्हां मुळाशीं जें सुरू होतें तें मोजण्याची रीत कलकत्त्याच्या त्या चोवीस फुटांच्या खोपटांतून निघालेल्या हातांनीं घालून दिलेली आहे.